हापूस विकायचाय, मग डोमेनमध्ये 'हापूस' हवाच का?

देवगडच्या किंवा रत्नागिरीच्या बागायतदाराने दलालाला बाजूला ठेवून थेट गिऱ्हाइकाला पेट्या पाठवायचं ठरवलं, की वेबसाइट करून देणारा आधी डोमेनचं, म्हणजे साइटच्या पत्त्याचं, नाव विचारतो आणि बहुतेक वेळा उत्तरही स्वतःच देतो. 'देवगड हापूस मँगो ऑनलाइन' असं सगळं एकाला एक जोडून घ्या, लोक गूगलवर हेच शोधतात, आपण आपोआप वर येऊ. अशा पत्त्याला कीवर्ड डोमेन म्हणतात, म्हणजे शोधताना जे शब्द टाइप होतात तेच शब्द पत्त्यात. दुसरा मार्ग ब्रँड नावाचा. झोमॅटो, मिंत्रा, नायका ही नावं ऐकून माल कोणता ते पहिल्या फटक्यात कळत नाही, पण एकदा ओळख झाली की ती दुसऱ्या कोणाची वाटत नाहीत.

कीवर्ड नावाचा उपयोग झालाच तर पहिल्या खरेदीच्या वेळी थोडासा होतो. ब्रँड नाव कामाला येतं ते दुसऱ्या खरेदीपासून. आणि आंब्याच्या धंद्यात खरी कमाई पुढच्या वर्षी आपणहून फोन करणाऱ्या आणि शेजाऱ्यालाही नाव सांगणाऱ्या गिऱ्हाइकात आहे. त्यामुळे आमचा कौल ब्रँड नावाला. अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.

गूगल नावाकडे बघतं का?

एके काळी बघत होतं, आणि बऱ्यापैकी बघत होतं. त्याचं एक कारण साधं होतं. दुसऱ्या साइटवाल्याने तुमचा दुवा देताना तुमचा पत्ताच लिहिला, तर दुव्याच्या मजकुरात तुमचे कीवर्ड आयते जायचे आणि गूगल त्या मजकुराला वजन द्यायचं. मग लोकांनी कीवर्ड डोमेनची घाऊक खरेदी केली, आत दोन-चार फालतू पानं टाकली आणि जाहिराती लावल्या. सप्टेंबर 2012 मध्ये गूगलने यावर घाव घातला. शोधशब्दाशी तंतोतंत जुळणारं नाव पण आत दर्जा नाही, अशा साइट खाली ढकलणारा बदल गूगलच्या मॅट कट्स यांनी जाहीर केला. अमेरिकेतल्या इंग्रजी शोधांपैकी 0.6 टक्के शोधांवर त्याचा लक्षात येण्याजोगा परिणाम होईल, असं त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं.

आज गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेत लिहिलंय की डोमेनच्या नावातल्या किंवा पुढच्या पत्त्यातल्या कीवर्डचा क्रमावर जवळपास काहीच परिणाम होत नाही. निकालाच्या यादीत ते शब्द डोळ्यांना दिसतात, एवढाच फायदा. तो अगदीच टाकाऊ नाही. घाईत यादी चाळणारा माणूस 'हापूस' शब्द बघून थबकू शकतो. पण तेच काम पानाचं शीर्षक जास्त चांगलं करतं, कारण यादीत ठळक आणि मोठं दिसतं ते शीर्षक. 'देवगड हापूस, 5 डझनची पेटी, पुण्यात घरपोच' असं शीर्षक द्या, पानाच्या पत्त्यात तिरप्या रेघेनंतर 'देवगड हापूस' येऊ द्या, भाव, फळाचं वजन आणि पाठवण्याचे दिवस पानावर स्पष्ट लिहा. कीवर्डची जागा तिथे. जाहिरात करणार असाल तरी तेच. गूगलच्या जाहिरातीत डोमेनच्या पुढे प्रत्येकी 15 अक्षरांचे दोन तुकडे तुमच्या मर्जीने दाखवता येतात, त्यात 'हापूस' सहज बसतो.

एका ठिकाणी मात्र नावातला कीवर्ड अजून चालतो, ते म्हणजे गूगल नकाशावरची तुमच्या धंद्याची नोंद. तिथल्या नावात कीवर्ड असला तर जवळपासच्या शोधात फायदा होताना दिसतो. पण नियम असा की पाटीवर, बिलावर जे नाव आहे तेच तिथे लिहायचं. पाटीवर एक आणि नकाशावर 'बेस्ट देवगड हापूस होलसेल पुणे' असं करणाऱ्यांची नोंद स्थगित होऊ शकते, आणि हे घडायचं तर नेमकं एप्रिलमध्ये घडतं.

नौकरी आणि शादी चालले ना?

हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. नौकरी डॉट कॉम 1997 पासून आहे. शादी डॉट कॉम त्याच सुमाराचं, आधी त्याचं नाव सगाई डॉट कॉम होतं. पण तेव्हा देशात साइटच मूठभर होत्या, आणि पुढे वर्षानुवर्षं टीव्हीवर, वर्तमानपत्रात जाहिराती करून त्या साध्या शब्दांना या कंपन्यांनी ब्रँड बनवलं. एवढा खर्च करायची तयारी असेल तर कोणतंही नाव चालेल.

आणि तरीही साधा शब्द आपला म्हणून राखणं किती अवघड असतं, ते कोर्टात दिसलं. नौकरीने 2002 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त घातलेल्या नावाविरुद्ध मनाई मिळवली, कारण इतक्या वापरानंतर लोक तो शब्द त्यांच्याच सेवेशी जोडतात हे कोर्टाला पटलं. शादी डॉट कॉमने 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात 'सेकंड शादी' नावाच्या साइटविरुद्ध दाद मागितली, तेव्हा अंतरिम मनाई नाकारली गेली. लग्न जुळवण्याच्या धंद्यात 'शादी' हा शब्द वर्णनाचा आहे, तो एकाच्या मालकीचा कसा होईल, असा कोर्टाचा सूर होता. याउलट 'रेडिफ'ने 1999 मध्ये याच मुंबई उच्च न्यायालयात 'रॅडिफ'ला रोखलं. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'सिफी'च्या बाजूने 'सिफीनेट'विरुद्ध निकाल दिला, आणि डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळतं हे पक्कं केलं. सिफी हा सत्यम इन्फोवे या कंपनीच्या नावातल्या अक्षरांतून घडवलेला शब्द होता. घडवलेल्या शब्दावर हक्क सांगताना 'हा तर सगळ्यांचाच शब्द' असं समोरच्याला म्हणता येत नाही.

हापूसचं प्रकरण तर याहून अवघड. ट्रेड मार्क्स कायद्याचं कलम 9 म्हणतं की फक्त मालाचा प्रकार, दर्जा किंवा भौगोलिक उगम सांगणारं चिन्ह नोंदवता येत नाही. 'देवगड हापूस' यात उगम आणि प्रकार यांशिवाय आहेच काय? शिवाय कोकणातल्या हापूसला 'अल्फान्सो' या नावाने 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांसाठी. म्हणजे ते नाव सगळ्या उत्पादकांचं सामाईक आहे, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून ते वापरायचं असतं. तुम्ही ते डोमेनमध्ये घेतलंत आणि उद्या शेजारच्या गावातल्या कोणी मागे फक्त 'शॉप' जोडून तसंच डोमेन घेतलं, तर तक्रार कशाच्या जोरावर करणार? डोमेनच्या वादात, डॉट कॉम असो की डॉट इन, पहिली पायरी 'त्या नावावर माझा हक्क आहे' हे दाखवण्याची असते. कीवर्ड नाववाला तिथेच अडखळतो.

फोनवर सांगून बघा

इंग्रजी कीवर्ड निदान स्पेलिंगला पक्का असतो. मराठी शब्द रोमन लिपीत गेला की त्याला हात-पाय फुटतात. हापूस कसा लिहाल? एच-ए-पी-यू-एस, एच-ए-पी-डबल ओ-एस, की एच-डबल ए-पी-यू-एस? देवगडमध्ये व्ही घ्यायचा की जुन्या पद्धतीने डी-ई-ओ, आणि शेवटी एच आहे की नाही? आंबा एका ए ने की दोन ए ने? तीन शब्दांचे प्रत्येकी तीन पर्याय धरले तरी सत्तावीस पत्ते होतात, आणि तुमच्याकडे त्यातला एक. उरलेल्या सव्वीसवर गेलेलं गिऱ्हाईक कोणाच्या तरी दुसऱ्याच्या दुकानात पोचतं. शब्दांच्या सांध्याकडेही लक्ष हवं. 'हापूस'ला 'शॉप' जोडलं की दोन एस शेजारी येतात आणि टाइप करणारा हटकून एक गाळतो.

सांध्याची दुसरी गंमत जगजाहीर आहे. 'एक्स्पर्ट्स एक्स्चेंज' नावाच्या साइटने दोन शब्द जोडून डोमेन घेतलं आणि मधोमध 'सेक्स' हा शब्द तयार झाला. नंतर त्यांना मध्ये आडवी रेघ टाकावी लागली. म्हणून नाव ठरवताना ते सगळं लहान अक्षरांत, मोकळी जागा न सोडता लिहून काढा आणि ज्याला ते ठाऊक नाही अशा माणसाला वाचायला द्या. मात्र आडव्या रेघेचा आधार पहिल्यापासून घेऊ नका. फोनवर तिला कोणी डॅश म्हणतं, कोणी हायफन, कोणी मायनस, आणि इन्स्टाग्रामच्या नावात तर ती चालतच नाही.

ब्रँड नावालाही हीच चाळणी. बागेतले शब्द घेऊन बघू. 'डेख', म्हणजे फळाचा देठ, हा अस्सल शब्द, पण रोमनमध्ये लिहिला की पुणेकरही 'देख' वाचेल. 'कातळ' नाव म्हणून भारदस्त, हापूस कातळावरच तर पिकतो. पण के-ए-टी-ए-एल हे हिंदी भाषकाला 'कत्ल' वाटेल, आणि खायच्या मालावर ते बरं नाही. 'मोहर' एम-ओ-एच-ए-आर की एम-ओ-एच-ओ-आर, यावर घरातच मतभेद होतील. 'आढी', म्हणजे आंबे पिकवायला घालतात ती, तिचं 'आधी' होतं. 'तोरण' मात्र टी-ओ-आर-ए-एन असंच लिहिलं जातं, ऐकलं तसं टाइप होतं. अडचण एवढीच की असा सुटसुटीत, शुभ शब्द आधीच कोणी ना कोणी घेतलेला असण्याची शक्यता फार. मग लोक त्याला 'बाग' जोडतात. झालं, पुन्हा बी-ए-जी, बी-डबल ए-जी आणि बी-ए-यू-जी, शिवाय पहिलं स्पेलिंग वाचून पिशव्यांचं दुकान वाटेल.

म्हणून हातात आठ-दहा नावं असू द्या. पाच माणसं निवडा. एक घरातलं, एक हिंदी बोलणारं, एक वयस्कर, एक कॉलेजातलं, एक परदेशात असलेलं. फोनवर नाव एकदाच सांगा, स्पेलिंग न सांगता, आणि म्हणावं ऐकलंत तसं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. पाचांपैकी दोघांचं चुकलं तर ते नाव सोडा, कितीही आवडलेलं असलं तरी. तांत्रिक मर्यादा तशी सैल आहे. रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ मिळून डॉटच्या आधी 63 अक्षरांपर्यंत चालतं. पण पेटीच्या झाकणावर ठसठशीत छापायचं असेल तर बाराच्या आत राहा. आकडे शक्यतो नकोतच, 'सात' अक्षरात की आकड्यात हे प्रत्येकाला सांगत बसावं लागतं.

आडनाव घ्यावं का? कोकणात ते स्वाभाविक वाटतं आणि विश्वासही देतं. पण चुलत भाऊही आंबेच विकत असतो, त्याच आडनावाने. ट्रेड मार्क्स कायद्याचं कलम 35 प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरणाऱ्याला मुभा देतं. वाटण्या व्हायच्या असतील तर डोमेन कोणाकडे राहील हे आत्ताच लिहून ठेवलेलं बरं.

कीवर्ड कधी घ्यावा

धंदा एकाच कामाचा आहे, गिऱ्हाईक आयुष्यात एकदाच येणार आहे आणि त्याला घाई आहे, तेव्हा. रात्री गटार तुंबलं तर माणूस ब्रँड शोधत नाही, 'प्लंबर' आणि गावाचं नाव शोधतो, आणि पत्त्यात तेच दिसलं तर बोट तिकडे जातं. एखाद्या महोत्सवाची किंवा भरतीच्या माहितीची तात्पुरती साइट असेल तरीही सरळ वर्णनाचं नाव चांगलं.

बागायतदाराचं तसं नसतं. हापूस मार्च ते मे, फार तर जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. त्यानंतर काजूगर, आमसुलं, कोकम सरबत, आंबापोळी, फणसाचे गरे हे सगळं त्याच गिऱ्हाइकाला विकता येतं. 'हापूस'च्या पत्त्यावर ऑगस्टमध्ये काजू मागवायला माणूस बिचकतो. झोमॅटोचं उदाहरण याच जातीचं आहे. 2008 मध्ये ते 'फूडीबे' होतं, 2010 मध्ये नाव बदललं. शेवटची चार अक्षरं 'ईबे' होत असल्याने उद्या कायद्याचं लचांड नको हे एक कारण, आणि खाण्यापिण्याच्या पलीकडे जायची वाट मोकळी ठेवायची हे दुसरं.

मधला मार्ग आहे आणि लहान धंद्याला तो पुष्कळदा पुरतो. स्वतःचं वेगळं नाव पुढे, मागे एक साधा शब्द. 'फार्म' किंवा 'कोकण' असा रुंद शब्द असला तर काजूही त्यात मावतो. फक्त ओळख पुढच्या शब्दावर टिकली पाहिजे. मागचा शब्द झाकून नाव वाचा. उरलेल्या शब्दाने लोक तुम्हाला ओळखणार नसतील तर ते कीवर्ड डोमेनच आहे.

घेण्याआधी आणि घेताना

नाव पक्कं करण्याआधी केंद्र सरकारच्या ट्रेडमार्क नोंदणीच्या साइटवर फुकट शोध घ्या. तिथे उच्चाराच्या साम्यावरून शोधायची सोय आहे, तीच वापरा, कारण वाद उच्चारावरूनच होतात. ताजी फळं वर्ग 31 मध्ये, गर आणि मुरांबे वर्ग 29 मध्ये, दुकानदारी वर्ग 35 मध्ये येते. व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी दर वर्गाला 4,500 रुपये शुल्क आहे आणि नोंदणी 10 वर्षं टिकते. सगळे वर्ग एकदम घ्यायची गरज नाही.

डॉट कॉम आणि डॉट इन दोन्ही मोकळे असतील तर दोन्ही घ्या, एक दुसऱ्याकडे वळवा. डॉट कॉम दुसऱ्याकडे आहे आणि तो खाद्यपदार्थच विकतोय, तर नावच सोडा. भारतात लोक सवयीने डॉट कॉम लावतात आणि तुमचं गिऱ्हाईक त्याच्याकडे जाईल. तो भलत्याच धंद्यात असेल तर डॉट इनवर निभतं. देवनागरीतलं डॉट भारत 2014 पासून मिळतं, त्यात मराठी नाव मराठीतच लिहिता येतं आणि वरची सत्तावीस स्पेलिंगांची कटकट मिटते. पण त्यावरचा ईमेल पत्ता पुष्कळ फॉर्म अजून स्वीकारत नाहीत आणि दुवा चिकटवला की काही अ‍ॅपमध्ये तो रोमन अक्षरांच्या गिचमिडीसारखा दिसतो. जोडपत्ता म्हणून ठेवा.

नाव आधी कोणी वापरून सोडलेलं असेल तर वेबॅक मशीन या, साइटची जुनी रूपं जपून ठेवणाऱ्या साइटवर जुनी पानं बघून घ्या. जुगार, औषधं, उसने लेख असलं काही निघालं तर हात लावू नका. संपलेली डोमेन घेऊन त्यांच्या जुन्या पुण्याईवर भलताच मजकूर चढवणं मार्च 2024 पासून गूगलच्या नियमांत स्पष्टपणे गैरवापर आहे.

खरेदी स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइलवर करा. वेबसाइट करणाऱ्याने 'मी घेऊन देतो' म्हणत स्वतःच्या नावावर घेतलेलं डोमेन ही या धंद्यातली सगळ्यात नेहमीची डोकेदुखी आहे. भांडण झालं की पत्ताच त्याच्याकडे अडकतो. जाहिरातीतला पहिल्या वर्षाचा भाव बघू नका, नूतनीकरणाचा भाव बघा. डॉटनंतरच्या काही नव्या शेपट्यांवर तो कित्येक पट असतो.

आणि तारीख सांभाळा. हंगामाच्या तोंडावर मार्चमध्ये घेतलेलं डोमेन मार्चमध्येच संपतं, जेव्हा माणूस बागेत असतो आणि मेल कोणी बघत नाही. दोन-तीन वर्षांचे पैसे एकदम भरा, कमाल 10 वर्षांचे भरता येतात. डॉट कॉम मुदतीनंतर लगेच जात नाही. ज्या कंपनीकडून डोमेन घेतलं तिच्या धोरणानुसार 45 दिवसांपर्यंत वाढीव मुदत असू शकते, त्यानंतर 30 दिवस जबर दंड भरून सोडवता येतं, मग 5 दिवस कोणालाच काही करता येत नाही आणि शेवटी ते खुलं होतं. पण साइट आणि ईमेल मुदत संपल्यावर लवकरच बंद पडू शकतात, आणि एप्रिलमध्ये एवढा वेळ साइट बंद म्हणजे वर्ष गेलं.

आधीच कीवर्ड डोमेन घेऊन बसला असाल तर

साइट चालत असेल आणि गिऱ्हाईक येत असेल तर घाईने मोडू नका. आधी ब्रँड नाव पेटीवर, बिलावर, व्हॉट्सअ‍ॅपवर आणा, ते रुळलं की मग साइट हलवा, आणि हलवायची ती जूनच्या शेवटी. जुन्या प्रत्येक पानावरून नव्या त्याच पानावर कायमचं वळण लावायचं, ज्याला तंत्रज्ञ 301 म्हणतात. सगळी पानं सरसकट मुखपृष्ठावर वळवली की जुन्या पानांनी कमावलेला क्रम हातचा जातो. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या साधनात, पत्ता बदलल्याचं कळवायची सोय आहे, तिचा परिणाम 180 दिवस चालतो. वळणं मात्र किमान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं. आंब्यासाठी आम्ही दोन हंगाम म्हणू, कारण गेल्या वर्षीच्या पेटीवरचा पत्ता बघून येणारा माणूस पुढच्या एप्रिलमध्येच उगवतो. वळण काढलंत तरी जुन्या डोमेनचं नूतनीकरण थांबवू नका. ते ज्याच्या हाती पडेल त्याला तुमच्या जुन्या ईमेल पत्त्यावर येणाऱ्या ऑर्डरीही मिळतील, आणि त्या पत्त्यावरून उघडलेल्या खात्यांचे पासवर्डही बदलता येतील.